घुल्यांचे तीन टेकू

भास्कर घुले निगडीला बसमध्ये चढतात तेव्हा मागची रांग खोळंबते. दोन्ही हात दांड्यांवर, एक पाय पायरीवर. तिन्ही ठिकाणं एकदा हलवून बघणार आणि मगच जमिनीवरचा पाय उचलणार. "आजोबा, बस आहे ही, कडा नाही," असं एकदा कंडक्टर म्हणाला, तर घुले म्हणाले, "कडा बरा. त्याला ड्रायव्हर नसतो."

'तीन टेकू पक्के, मग चौथा हलवा' हा कडा चढण्याचा नियम. घुल्यांनी तो संसारालाही लावला. खुर्ची हलवून बघितल्याशिवाय बसत नाहीत. मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा नोकरी, घर, स्वभाव एवढं पाहिलं. समोरच्यांनी पत्रिका काढताच म्हणाले, "तीन झाले. आता हलू द्या." पोरगी चाकणला सुखात नांदते आहे, त्यामुळे बोलायला जागा नाही.

आम्ही दोघे एकाच कंपनीत, ते टूलरूममध्ये, मी तपासणी खात्यात. दर रविवारी देहूरोडजवळच्या टेकडीवरचा कातळ चढायचो. म्हणजे ते चढायचे, मी खाली दोर धरायचो. घसरले तर मी त्यांना तोलायचं. जमीन सोडण्याआधी ते माझ्याकडचा दोर एक हिसका देऊन बघत. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. मी चिडायचो. "राव, तपासणी खात्यात मी आहे."

निवृत्तीनंतर आम्ही हिमालयातलं एक शिखर चढायला गेलो आणि शिखर हाकेच्या अंतरावर असताना परतलो. आम्ही दोघे राहतो त्या सोसायटीच्या हॉलमध्ये तरीही सत्कार झाला. कुणीतरी विचारलं, "का हो परतलात?" माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "घुल्यांना चक्कर आली." पहिल्या रांगेत घुले खुर्ची हलवून बघत होते. त्यांनी मान डोलावली.

त्या हॉलमधल्या सगळ्यांसाठी आता खरं लिहितो. चक्कर घुल्यांना आली नव्हती. बर्फाच्या धारेवर मी मटकन खाली बसलो आणि आईला हाका मारू लागलो. घुल्यांनी शिखराकडे एकदा पाहिलं, मला दोराला बांधलं आणि पोत्यासारखं खाली आणलं.

पुढे आमचे सेक्रेटरी रोज म्हणू लागले, "घुले, लिफ्टनं जा, चक्कर येईल." घुले हसून जिन्यानं जात.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी खालून हाक दिली, "काळे, चला राव. हिमालय झाला, आता आपला कातळ." मी गुडघा दुखतो म्हणालो. पुढच्या रविवारी पाहुणे आले, मग पित्त झालं. नोकरीत रजेसाठीही मी एवढी दुखणी काढली नव्हती. घुले "बरं" म्हणत आणि दोर खांद्यावर टाकून एकटेच निघत. त्यांना दुसरा जोडीदार मिळाला असेल, असं मला वाटे. वर थोडा रागही येई.

परवा टेकडीखालचा चहावाला पिंपरीच्या बाजारात भेटला. मी विचारलं, "घुले कसे चढतात हल्ली?"

"चढत्यात कुठं? हेल्मेट घालून, कमरंचं पट्टं आवळून कातळाखाली बसत्यात. तितनंच चहा मागवत्यात. बाकीचे म्हनत्यात, काका, आमी धरतो दोर. तर म्हनत्यात, न्हाई, माझा मानूस यायचाय. ऊन चढलं की जात्यात घरी."

काल रविवारी हाक यायच्या आतच मी टेकडीवर जाऊन बसलो. घुले आले. मला बघून थबकले आणि हेल्मेट चढवू लागले.

मी म्हणालो, "घुले, चक्कर तुम्हाला आली नव्हती."

"मला काय सांगता राव, मी होतो की तिथं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दोर कुणी धरला असता?"

दोराचं टोक त्यांनी माझ्याकडे टाकलं. कातळावर दोन हात ठेवले, एक पाय ठेवला, तिन्ही हलवून बघितले. मी दोर घट्ट धरून हिसक्याची वाट बघत राहिलो.

हिसका आला नाही. घुल्यांनी जमिनीवरचा पाय उचलला आणि ते वर निघाले.