ऑर्विलच्या बॉनेटमधला रस्सा

दर फेब्रुवारीत आमच्या स्नोमोबाइल क्लबची, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांच्या क्लबची, मोठी सहल निघते आणि दर फेब्रुवारीत ऑर्विल टोलेफसन काहीतरी ठरवतो. माणसानं ठरवू नये असं नाही, ऑर्विलनं ठरवू नये.

या खेपेला त्यानं ठरवलं की सगळ्या क्लबाचे रश्श्यातले मीटबॉल आपल्या गाडीच्या बॉनेटखालच्या सायलेन्सरवर गरम करायचे.

तसं यात वावगं काही नाही. इथं उत्तर विस्कॉन्सिनात सगळेच जण फॉइलमध्ये सॉसेज गुंडाळून बॉनेटखाली ठेवतात. जंगलातल्या खोपटाशी पोचेपर्यंत जीभ पोळेल इतकं गरम होतं. पण सॉसेज कोरडं असतं! रस्सा बॉनेटखाली ठेवायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. (ऑर्विल साठीचा आहे.)

"अरे, खोपटात शेगडी आहे," त्याची बायको व्हर्ना म्हणाली. "पातेलं माझ्या गाडीवर बांध, तिथं गरम करू."

"तुझ्या गाडीवर? आधी ती पोचू दे, मग मीटबॉलचं बघू!"

व्हर्नाची गाडी तिच्या वडिलांच्या वेळची होती. व्हर्नानं आपल्या गाडीवर ओढायचा दोर तेवढा बांधला. तिनं दोर घेतला की ऑर्विलनं घाबरायला हवं, पण तो त्या दिवशी हवेत होता. खोपटात जेवणाआधी अध्यक्षाची निवड होती. इतकी वर्षं तोच निवडून येत होता, आणि आता पहिल्यांदाच डेल्मर क्रूगर त्याच्याविरुद्ध उभा होता.

आमच्या क्लबात ज्याची गाडी दुसऱ्याला ओढून आणावी लागते, त्याच्या गळ्यात गाईची घंटा बांधतात. पुढच्या कुणाची गाडी ओढली जाईपर्यंत ती उतरत नाही. दुकानात, चर्चमध्ये, झोपताना, गळ्यात घंटा! डिसेंबरपासून ती डेल्मरच्या गळ्यात होती. ऑर्विलच्या एकदाही आलेली नव्हती, आणि त्याचा सगळा प्रचार तेवढ्यावरच चालला होता.

"घंटा बांधलेला अध्यक्ष हवाय का तुम्हाला?" तो भेटेल त्याला विचारायचा.

सकाळी नेहमीसारखा तो सगळ्यांच्या पुढे सुसाट सुटला आणि नेहमीसारखा चुकीच्या वाटेला लागला. तळ्याजवळच्या उंचवट्यावर गाडीनं दणका खाल्ला. बॉनेटखाली काहीतरी चुर्र झालं. इंजिन जोरात ओरडत राहिलं, गाडी मात्र जागची हलेना. बॉनेट उघडून बघतो तर फॉइलचं भांडं आडवं आणि इंजिनचा पट्टा रश्श्यात न्हालेला. तुपकट पट्टा नुसता घसरत होता.

ऑर्विलच्या तोंडचं पाणी पळालं. घंटा, तीही आज!

तेवढ्यात मागून फटफट करत व्हर्ना आली. बाकीचे सगळे बरोबर वाटेनं गेले होते. नवरा कुठं चुकतो हे तिलाच ठाऊक.

"व्हर्ना, तू माझी बायको ना?"

"वास मस्त येतोय," व्हर्ना म्हणाली.

"टेकडीच्या माथ्यापर्यंत ओढ फक्त. खाली खोपटापर्यंत मी घसरत जातो. कुणाला कळणार नाही. हात जोडतो तुला!"

तिनं दोर काढला. वडिलांच्या वेळच्या गाडीनं कुरकुर न करता त्याला माथ्यावर नेलं. तिथं दोर सोडला आणि ऑर्विल ताठ मानेनं, एका हातानं सलाम करत, उतारावरून थेट खोपटाच्या दारात येऊन थांबला. मागोमाग व्हर्ना.

"अरे वा! आवाजच नाही की गाडीला!" कुणीतरी म्हणालं.

"नवा सायलेन्सर," ऑर्विल म्हणाला.

"बरं, मीटबॉल काढ."

"आधी मतदान!"

"उपाशीपोटी? वेडा की काय!" म्हणत डेल्मर पुढं झाला आणि त्यानं बॉनेट उघडलं. आत सगळा रस्सा सांडलेला. मग हातातली लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ नॉर्वेजियन पोळी, त्यानं पट्ट्यावरून पुसली आणि तोंडात टाकली.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. "पण हा पट्टा फिरणं शक्य नाही. व्हर्ना, तू ओढलंस का याला?"

"मी खोटं बोलणार नाही," व्हर्ना म्हणाली, "तेव्हा तू विचारू नकोस."

डेल्मरनं इतक्या आनंदानं घंटा काढली की त्याची टोपीही तिच्याबरोबर निघाली. ऑर्विलनं मान पुढं केली. अध्यक्षपद गेलं, अब्रू गेली, आणि लोकांच्या पुढ्यात कोरडी लेफ्से! त्याला खरोखर रडू येत होतं.

मतदानात मात्र भलतंच झालं. स्वतः डेल्मरनंच ऑर्विलचं नाव सुचवलं.

"हा पुढं जाऊन हरवतो, हीच आपली तक्रार होती ना? आता घंटा आहे. कुठं गेला ते ऐकू येईल!"

भराभर हात वर झाले. ऑर्विलनं डोळे पुसत सगळ्यांकडे पाहिलं. शेगडीपाशी एकच हात खाली होता.

"व्हर्ना? अगं, तू?"

"तुम्हा सगळ्यांचं ठीक आहे," व्हर्ना म्हणाली. "रात्री त्याच्या शेजारी कोण झोपणार आहे?"