डाव्या चाकाचा बोल्ट

आरोग्य केंद्रातल्या एकुलत्या एका स्ट्रेचरचं पुढचं डावं चाक सोमवारी सकाळी निखळलं. चाक सापडलं, बोल्ट हरवला. मुख्य परिचारिकेने रीतसर अर्ज लिहायला घेतला : बोल्ट, नग एक, करंगळीएवढा. नेमका त्या वेळी तिचा भाचा समोर बसून तिच्याच डब्यातलं जेवत होता.

भाचा ‘जागतिक आरोग्य आणि सामाजिक उद्योजकता’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. दोन वर्षांपैकी वीस महिने उलटले, तरी त्याला समस्या मिळाली नव्हती. डास, गढूळ पाणी, कुपोषण असे चांगले चांगले विषय वर्गातल्या इतरांनी आधीच पटकावले होते. समस्या नाही तर पदवी नाही. जगात आपल्या वाट्याचं दुःखच उरलं नाही म्हणून तो बिचारा रोज हळहळायचा. अर्ज वाचून त्याचा घास हातातच राहिला.

“आत्या, हा अर्ज पाठवू नकोस. प्रश्न बोल्टचा नाहीच. ही रुग्ण-गतिशीलतेतली दरी आहे.”

“दरी कसली रे, भोक आहे. बोल्ट घातला की बुजेल.”

भाच्याने ते वाक्य वहीत ‘स्थानिक गैरसमज’ या सदराखाली उतरवून घेतलं.

मंगळवारी कार्यशाळा झाली. ड्रेसिंगच्या खोलीत पिवळ्या चिठ्ठ्या वाटून प्रत्येकाला आपलं स्वप्न लिहायला सांगितलं. रखवालदाराने लिहिलं, ‘बोल्ट’. त्याला आणखी खोलात जायला सांगितल्यावर त्याने लिहिलं, ‘लांब बोल्ट’.

भाच्याचे मार्गदर्शक खूश झाले. मात्र त्यांनी एक अट घातली. प्रकल्पाचा परिणाम म्हणजे ‘नंतर’ वजा ‘आधी’. तेव्हा प्रकल्प ज्या जागतिक स्पर्धेत उतरवायचा होता, तिची अंतिम फेरी होईपर्यंत ‘आधी’ जपून ठेवायचं. म्हणजे चाकाला हात लावायचा नाही.

मग रुग्ण हातांवर न्यायला लागले. डोक्याकडून आत्या, पायांकडून रखवालदार. पंधरा दिवसांत आत्याची कंबर धरली. रखवालदाराला ते बघवेना. त्याने घरून बोल्ट आणून गुपचूप बसवला आणि स्ट्रेचर तीन दिवस नाकासमोर चाललं. चौथ्या दिवशी भाचा आला, पाहून पांढराफटक पडला आणि स्वतःच्या हाताने बोल्ट काढला. पुराव्याशिवाय बरं वाटणं हे बरं वाटणंच नव्हे, असं त्याने सगळ्यांना समजावलं. आत्याला ते पटलं नाही. पण पोराची पदवी अडली होती, आणि याच पोराला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिने बोल्ट ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि कमरेला पट्टा बांधला.

प्रकल्प अंतिम फेरीत पोचला. परीक्षक केंद्र पाहायला येणार होते त्याच सकाळी एका धिप्पाड रुग्णाला उचलताना आत्याच्या कमरेत कट्कन आवाज झाला आणि ती खालीच बसली. तिला उठता येईना. रखवालदाराने आणि भाच्याने मिळून तिला स्ट्रेचरवर ठेवलं. स्ट्रेचर डावीकडे वळलं आणि दाराच्या चौकटीवर आदळलं. मागे घेतलं, पुन्हा आदळलं.

आत्याने खिशातून बोल्ट काढून पुढे केला. “घे रे बाळा. आता तरी बसव.”

भाच्याचे डोळे खरोखरच भरून आले. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

“आत्या, फक्त अर्धा तास.”

परीक्षकांनी स्ट्रेचर तिसऱ्यांदा आदळताना पाहिलं. इतकं जिवंत ‘आधी’ त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. एका बाईंना हुंदका आवरेना. पहिलं पारितोषिक जाहीर झालं. भाच्याने ते आत्याला अर्पण केलं, तेव्हा अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. आत्या आली नव्हती. तिला उभं राहता येत नव्हतं.

तो बोल्ट आता विद्यापीठाच्या दालनात काचपेटीत ठेवला आहे. पेटीला कुलूप नाही. शेजारी अभिप्रायाची वही आहे. आतापर्यंत चार वह्या भरल्या. कोणी ‘अंतर्मुख झालो’ असं लिहितं, कोणी ‘व्यवस्थेला सणसणीत चपराक’. स्ट्रेचर अजून डावीकडेच जातं.

तुम्हीही हसत हसत इथवर आलात, शेवटी थोडं वाईटही वाटलं असेल. पाचवी वही कोरी आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे. लिहा.