सात पिढ्या गिळणारा पॅटर्न

जुन्या वेबसाइटची साफसफाई करणारे बिश्केकमध्ये पुष्कळ आहेत, पण माझा हात धरणारा एक नाही! निदान त्या शनिवारी सकाळी दहापर्यंत नव्हता.

दुपारी आईबरोबर मीरिमच्या घरी जायचं होतं. आईने तिच्या कानात झुमके घातले की लग्न पक्कं. हातात दोन तास होते, म्हणून मी काकांनी वीस वर्षांपूर्वी बनवलेली आमच्या कुळाच्या वंशावळीची साइट उघडली. शी! टोकाची दोन नावं सोडली तर प्रत्येक नावाला निराळा रंग, मागेपुढे रंगाच्या खुणांच्या कंसांची गर्दी. वर एकेका घराण्याची सगळी नावं एकाच लांबलचक ओळीत. काकांना एंटरचं बटण कधी सापडलंच नसावं.

मी पॅटर्न, म्हणजे शोधून पुसायचा नियम, लिहिला: कंस उघडला की बंद होईपर्यंतचं सगळं उडव. जुनी प्रत जपून ठेवतात ते भित्रे! चालवला. साइट एका सेकंदात चकाचक.

तेवढ्यात सागिनबेक, म्हणजे मीरिमच्या वडिलांचा फोन.

"अझामत, मी तुझा कोण?"

"होणारे सासरे!"

"साइट म्हणते, सख्खा भाऊ!"

मी साइट पुन्हा उघडली. हावरट पॅटर्न ओळीतल्या पहिल्या कंसापासून सुटला होता तो थेट शेवटच्या कंसावर थांबला. मधल्या सगळ्या पिढ्या स्वाहा! ओळीच्या सुरुवातीला मूळपुरुष जोलबोल्दू आणि शेवटी आमच्या ओळीत मी, त्यांच्या ओळीत सागिनबेक. म्हणजे मीरिम माझी पुतणी!

"अहो, आपलं नातं नऊ पिढ्यांमागे जुळतं! सात पिढ्यांच्या पुढे लग्न चालतं की!"

"मला ठाऊक आहे रे बाबा. पण मीरिमच्या आजोबांनी साइट पाहिलीय. ते झुमके घालू देत नाहीत."

पुसलेली नावं आता कोण सांगणार? काका मेंढ्या घेऊन डोंगरावर, तिथे रेंज नाही. वडील मी लहान असतानाच गेले. आईला विचारलं तर म्हणाली, "मला माझ्या माहेरच्या सात येतात. तुझ्या तू पाठ करायच्या होत्यास!"

दुपारी मी मीरिमच्या घरी घामाघूम बसलो होतो. समोर बोर्सोकचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचा ढीग. बैठकीच्या मानाच्या जागी तुर्दुबाय आजोबा.

"यंत्र राहू दे बाजूला. तोंडाने सांग. ज्याला सात पिढ्या येत नाहीत तो गुलाम, माहीत आहे ना?"

"बोलोत," मी सुरुवात केली. "कासिम. जुमा. एशेनकुल..."

पुढे अंधार! आई छताकडे बघायला लागली. मीरिम आता हातची जाते, या भीतीने मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तेल्तोय, चोइबेक, मामबेत," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. चहाची किटली घेऊन मीरिम उभी! "आठवा सादिर आणि नववा जोलबोल्दू. आपल्या ओळीतही जोलबोल्दू नववाच."

"तुला याच्या पिढ्या कशा येतात गं?" आजोबा चकित.

"याच्याबरोबर पहिल्यांदा फिरायला जायच्या आधीच साइटवरून पाठ केल्या होत्या. उगाच भावाबरोबर कशाला फिरायचं?"

आजोबा खूश झाले. बोटांवर मोजून हिशेब पुन्हा पडताळला आणि आईला झुमके बाहेर काढायची खूण केली. मी इतका मोठा श्वास सोडला की समोर मेणबत्ती असती तर विझली असती.

मग आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जवळचं नातं नाही, हे कळलं. पोरी, आता एवढंच सांग, एवढी हुशार असून तुला हाच का हवाय?"

सगळे मीरिमकडे बघायला लागले. तिने "हं..." म्हणून जो विचार सुरू केला, तो झुमके घालून, चहा पिऊन आम्ही घरी निघालो तरी चालूच होता!