पुखराजशेठची अर्धी कॅसेट

जाफराबादच्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पुखराजशेठकडे कापड घ्यायचं तर शेठ गाण्यात असताना घ्यायचं. शेठ मीटरपट्टीवर कापड मोजता मोजता गात असत, आणि गाण्यात तान आली की मीटर संपला तरी त्यांचा हात थांबत नसे. तान जितकी लांब तितकं कापड जास्त. म्हणून एखादी हुशार बाई परकराचं कापड निवडून झालं की हळूच म्हणायची, "शेठ, ते परवाचं गाणं म्हणा की. लई ग्वाड वाटलं होतं." शेठ लाजत, खाकरत आणि डोळे मिटून मोजायला लागत.

मी त्यांच्याच दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणारा टेलर. ते कापड फाडून माझ्याकडे सरकवायचे, मी शिवायचो. एका झंपराच्या कापडात झंपर होऊन वर बाळाचं टोपडं निघायचं. गावातली बरीचशी बाळं त्या काळात शेठच्या गळ्याच्या कृपेने टोपडी घालून फिरत होती.

शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण आजोबांपासून इथलंच. घरात मारवाडी बोलत, दुकानात आमच्यासारखं. गाणी मात्र जुनी हिंदी, आणि तीही फक्त रडकी. आनंदाच्या गाण्याला ते कापडाच्या भाषेत निकालात काढायचे. "मास्टर, यात दर्द न्हाई. एका धुण्यात आटतंय बघा." समोरच्या हॉटेलात नवीन सिनेमातलं गाणं वाजायला लागलं की नाक मुरडायचे, "कच्चा रंग हाय. दिवाळीपर्यंत बी टिकायचा न्हाई."

तेव्हा कॅसेटींचं पेव फुटलं होतं. जुनी गाजलेली गाणी कोणीही उठून आपल्या आवाजात भरायचा आणि कॅसेट बाजारात यायची. एक दिवस शेठनी मीटरपट्टी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मास्टर, मी बी भरून राह्यलो. पूरी कॅसेट. सगळी दर्दभरी."

औरंगाबादला एका बोळातल्या स्टुडिओत आम्ही दोघं एसटीने गेलो. शेठनी निवडलेलं प्रत्येक गाणं बाई आणि बाप्यानं मिळून गायचं आहे, हे मला तिथे कळलं. स्टुडिओवाल्याने बाईच्या भागासाठी एक गाणारी मुलगी बसवून ठेवली होती. शेठनी तिला हात जोडले, चहा पाजला, पण गाऊ काही दिलं नाही.

"तिच्या कडव्याची जागा तशीच सोडा," ते म्हणाले. "नुसता तबला चालू द्या."

"अहो, मग तिथं गाणार कोण?"

"जागा धरलेली हाय. रुमाल टाकलाय."

एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरायची आमच्याकडे रीतच आहे. त्या रुमालावर सहसा कोणी बसत नाही, आणि बसलंच तर पुढच्या स्टॉपपर्यंत भांडण पुरतं. पण गाण्यात रुमाल टाकलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्टुडिओवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी शेठच्या मनासारखं झालं. लोक हसतील, एवढं मात्र स्टुडिओवाला बटण दाबताना पुटपुटला.

लोक हसलेच. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे सगळ्या वऱ्हाडाची कापडं घ्यायला, आसपासच्या गावांतली मंडळी शेठकडे येत. शेठ प्रत्येक बस्त्याबरोबर एक कॅसेट फुकट देऊ लागले. वर त्यांचा फोटो होता, आणि त्यात गळ्यात माझा मापाचा टेप तसाच राहिलेला. थोड्याच दिवसांत कॅसेटी परत यायला लागल्या. "शेठ, ही अर्धीच भरलीय." "शेठ, बाई कुठं पळाली?" हॉटेलातली टवाळ पोरं शेठना बघून एक ओळ मोठ्याने गायची आणि पुढच्या ओळीला नुसती तोंडं हलवायची.

केदारखेड्याच्या लग्नात तर कहर झाला. मांडवात कर्ण्यावर शेठची कॅसेट चालू होती आणि मुहूर्त टळत आला होता. गाण्यातली रिकामी जागा आली. नुसता तबला वाजायला लागला, तसं गुरुजींना वाटलं की हा ठेका आपल्यासाठीच धरलाय. त्यांनी त्याच ठेक्यात मंगलाष्टक उचललं. ते "सावधान"पर्यंत पोचतात तोच कर्ण्यातून शेठनी हंबरडा फोडला, की आता तुझी माझी ताटातूट झाली. लोकांच्या अक्षता हातातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप तरातरा दुकानात आला आणि त्याने गादीवर कॅसेट आपटली. "शेठ, पोरीच्या लग्नात आमची पार शोभा झाली. एक तर बाई आणून हे पुरं करा, न्हाई तर आमच्या गावचा एक बी बस्ता तुमच्याकडं येणार न्हाई. भोकरदनला जाऊ."

शेठनी शांतपणे विचारलं, "गुरुजी सुरात होते का?"

मला काही हसू आलं नाही. बस्ते गेले तर शेठचं दुकान बसणार होतं आणि दुकानाबरोबर माझं मशीनही. मी समजूत घातली, की त्या स्टुडिओतल्या मुलीला बोलवा, तासाभराचं काम आहे.

"न्हाई मास्टर," शेठ म्हणाले. "बस्ते जाऊ द्या. त्या जागेवर दुसरं कोणी बसणार न्हाई, बिलकुल न्हाई."

असल्या हट्टाचा मला राग आला. दुपारी शेठ जेवायला घरी गेले, तसा मीही त्यांच्या मागे निघालो. एका हातात शेठच्या बायकोचे, म्हणजे भाभींचे, शिवलेले झंपर आणि दुसऱ्या हातात परत आलेल्या कॅसेटींची पिशवी. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता.

शेठचे वडील, बाबूजी, अंगणात खाटेवर पडून असत. सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडायचा नाही, ही त्या घरची रीत. भाभींचा घूंघट कधी वर झाला नाही. पाणी हवं का, हेसुद्धा त्या दाराआडून बांगड्या वाजवून विचारत. इतकी वर्षं मी त्यांचे झंपर शिवत होतो, पण त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

ओसरीवर टेप चालू होता. शेठ ताटावर बसलेले, कॅसेटमधले शेठ दर्दात बुडालेले. त्यांचं कडवं संपलं, नुसता तबला उरला, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला. बारीक, पण पक्क्या रंगाचा. फुलके लाटता लाटता भाभी आपलं कडवं गात होत्या. सोडलेल्या जागेत ते असं बसलं की कुठे चुणी नाही की घोळ नाही. शेठ घास हातात धरून ऐकत होते. गाणं चालू असताना त्यांचं तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भाभींना स्टुडिओत नेता येत नव्हतं, म्हणून हा माणूस गाणंच घरी घेऊन आला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी खाकरणार तेवढ्यात खाटेवरून बाबूजींनी तोंडावर बोट ठेवून मला दटावलं. गाणं संपल्यावर मात्र ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुखराज, टेप बिघडला काय रे? मधी काहीच ऐकू आलं न्हाई. पुन्हा लाव बरं."

पिशवी मी तशीच परत नेली. केदारखेड्याचे बस्ते भोकरदनला गेले, पण बाकीच्या गावांवर दुकान तगलं. त्यानंतर कोणी कॅसेट अर्धी असल्याची तक्रार आणली की मीच त्याला सांगायचो, तुमच्या टेपचं हेड साफ करा.

पुढे बाबूजी गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी म्हटलं, आता भाभींना औरंगाबादला न्या, कॅसेट पुरी करा. तेव्हा दाराआडून भाभी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "मास्टर, हातात लाटणं नसलं तर मला सूरच लागत न्हाई." शेठ पोट धरून हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

मग भाभीही गेल्या. त्यांचा आवाज कुठेच भरलेला नाही.

शेठ आता दुकानात गात नाहीत, कॅसेट लावतात. बायकांचं त्यात काही नुकसान नाही. कॅसेटमध्ये तान आली की शेठचा हात अजूनही मीटरच्या पुढे जातो. पण ती जागा आली की हात थांबतो. कापड धरलेलं तसंच राहतं, आणि मान जरा घराच्या बाजूला वळते. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "शेठ, टेप बंद पडला का?"

"न्हाई ताई," शेठ म्हणाले. "जागा धरलेली हाय."

मी मशीनवरचा पाय उचलला, आणि ते कडवं संपेपर्यंत शिवलं नाही.