उणे ऐंशी अंशांवरची फीत

बेंगळुरूत येलहंक्यापलीकडील एका प्रतिष्ठित संशोधनसंस्थेला जिवाणूंपासून प्रशासन शिकावेसे वाटले. निमित्त झाले ते तिथल्याच जिवाणू-संशोधक आसावरीचे व्याख्यान. तिने सांगितले, की पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढले, की ऑक्सीआर नावाचे प्रथिन आधी स्वतः त्याचा चटका खाते. त्या चटक्याने त्याचा आकार बदलतो, डीएनएवरील त्याची पकड बदलते आणि बचावाची जनुके कामाला लागतात. सारा कारभार क्षणांत.

"आणि बैठक केव्हा होते?" संचालक उमाकांत सरांनी विचारले.

"होतच नाही, सर. ज्याला चटका बसतो, तोच निर्णय घेतो."

सर भारावले. त्याच आठवड्यात 'ऑक्सीआर शीघ्र प्रतिसाद कक्ष' स्थापन झाला. निःपक्षपातीपणासाठी त्यावर प्रयोगशाळेत कधीही चटका न बसलेलेच सदस्य नेमण्यात आले.

कक्षाला पहिली संधी आसावरीनेच दिली. तिचा जुना डीप फ्रीझर बिघडला आणि भोंगा केकाटू लागला. आत तिची कित्येक वर्षांची मेहनत होती : ऑक्सीआरमध्ये एकेक बदल करून घडवलेले जिवाणू, जे जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. शेजारीच नवा फ्रीझर उणे ऐंशी अंशांवर इमानाने चालू होता, अगदी रिकामा. त्याच्या दाराला लाल साटिनची फीत बांधलेली होती आणि ती कापणाऱ्या दिल्लीच्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"व्यंकोजीअण्णा, फीत तेवढी सोडा. डबे आत ठेवते, मग पुन्हा बांधा," ती भांडारप्रमुखांना म्हणाली.

पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या व्यंकोजींचा चेहरा दुखावला. "एकदा सोडलेली फीत पाहुण्यांच्या हातात द्यायची काय हो अक्का? उष्टं पान वाढल्यागत! स्वल्प थांबा. कक्ष बसलाय की."

"बसून काय केलं?"

"भोंग्यापायी बैठकीत ऐकू येईना, म्हणून भोंगा बंद करायचा ठराव केला. लगेच! शीघ्र म्हणजे शीघ्र!"

भोंगा बंद झाला. तापमान मात्र चढतच राहिले. आसावरी धावत वर कक्षाच्या बैठकीत गेली.

"डॉक्टर, शांत व्हा," उमाकांत सर म्हणाले. "वितळणे ही प्रक्रिया आहे, घटना नव्हे. आपला कक्ष केवळ घटनांसाठी आहे. वितळून पूर्ण होऊ द्या, आम्ही तत्काळ धावून येऊ."

आसावरी खाली आली. डब्यांवरचे हिम ओघळू लागले होते. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि फीत कापली. जिवाणू वाचले.

संस्था हादरली. 'उद्घाटकाच्या अधिकारांचा अनधिकृत वापर' या आरोपाखाली आसावरीला कारणे दाखवा नोटीस निघाली. परंतु फीत कापली गेली होती आणि कापणारी व्यक्ती मान्यवर नव्हती, हा पेच नोटिशीने सुटेना. अखेर कक्षाने तोडगा काढला : आसावरीला मागील तारखेपासून कक्षाची अध्यक्ष नेमावे, म्हणजे झाले ते उद्घाटनच. व्यंकोजींनी उरलेल्या फितीचे दोन तुकडे जोडून ती छायाचित्रापुरती तिच्याकडून पुन्हा कापून घेतली. अध्यक्षांसाठी वरच्या मजल्यावर खोली आली, खिडकीतून गुलमोहर आला, फिरती खुर्ची आली.

पेशीतले संकट सरले, की ऑक्सीआर निमूटपणे मूळ रूपावर येते. त्याला खुर्ची नसते.

महिनाभराने खालच्या मजल्यावरची देवश्री धापा टाकत वर आली. "मॅडम, माझा फ्रीझर बंद पडलाय! सगळं वितळायला लागलंय!"

आसावरीने कान दिला. इथे काहीच ऐकू येत नव्हते.

"बैस गं जरा," ती आपुलकीने म्हणाली. "वितळणं ही प्रक्रिया आहे."

वाचकांनी हसायला मुळीच हरकत नाही. फक्त हसू ओसरल्यावर क्षणभर कानोसा घ्यावा. आपल्या इमारतीत खाली कुठेतरी मघापासून काही तरी वाजते आहे. आणि ते आपल्या घरातले नाही, याची खात्री आपण केव्हाच करून घेतलेली आहे.