गफूरचाचांची लाल काट

‘आपला आज्ञाधारक’ हे शब्द दिसले की गफूरचाचांचा हात खिशातल्या लाल पेनाकडं जातो. मग तो अर्ज तहसीलदाराला असो, नाहीतर वीजवाल्यांना. आडवी काट मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

केजच्या तहसीलीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माझ्या पायरीला लागूनच कडुलिंबाखाली चाचांचं टेबल. चाचा अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. वय ऐंशीच्या पुढं, दाढी पांढरीशुभ्र, आणि जीभ अशी की भल्याभल्यांची बोबडी वळते. मी छान टाईप करून दिलेला अर्ज गिऱ्हाईक त्यांना दाखवायला जातं, आणि पाच मिनिटांत तो लाल होऊन माझ्याकडं परत येतो. ‘मेहेरबान’वर काट, ‘साहेब यांचे सेवेशी’वर काट, ‘नम्र विनंती’ खोडून तिथं ‘मागणी’. की मी बसले पुन्हा टाईप करत. कैकदा वाटलं, या म्हाताऱ्याचं टेबल उचलावं आणि बसस्टँडवर नेऊन ठेवावं.

माझ्या पोरीच्या लग्नपत्रिकेतल्या ‘आपले कृपाभिलाषी’वरही काट मारून हा माणूस जेवायला आला. वर दोनदा जिलेबी मागून घेतली. मी विचारलं, चाचा, ही विनंती का मागणी? म्हणाले, ‘‘जिलेबी हक्काची हाय.’’

त्यांचं म्हणणं एकच, इंग्रज गेला पण त्याचं शेपूट अर्जात अडकून राहिलं. मी मुद्दाम खोडी काढायची, की चाचा, केजात इंग्रज होता कधी? आपण तर मोगलाईत, निजामाच्या राज्यात. एवढं ऐकलं की चाचा पेन खाली ठेवायचे. निजाम हैदराबादेत बसलेल्या गोऱ्या साहेबापुढं वाकायचा, जहागीरदार निजामापुढं वाकायचा, आणि आपले लोक जहागीरदाराच्या गड्यापुढंसुद्धा. वाकणं वरून खाली झिरपत यायचं. मग आवाज खाली आणून म्हणायचे, ‘‘मूठभर गोऱ्यांनी एवढा मुलूख बंदुकीवर न्हाई ठिवला, सुमन. आपल्या सहीवर ठिवला. माणसं सही करंनात, तवा राज हाललं.’’ आणि शेवटी त्यांचं ठरलेलं, ‘मान सरळ तर अक्षर सरळ.’ हे वाक्य मी दिवसातनं चारदा ऐकते. माझी मान टायपिंगनं आखडली तरी ते हेच ऐकवतात.

हे सगळं त्यांना बापाकडनं आलं, असं आम्ही सगळे समजायचो. चाचांचे अब्बा शिंपी. पोटासाठी नगरला, इंग्रजांच्या हद्दीत गेले होते. बेचाळीसची चळवळ पेटली तेव्हा त्यांनी लोकांना झेंडे शिवून दिले. पोलिसांनी एक हिसकावून नेला की तोवर अब्बांच्या मशीनवर दुसरा तयार. शेवटी मशीन जप्त झालं आणि अब्बा तुरुंगात गेले. चाचा हे इतक्या रंगात येऊन सांगायचे की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. पण तुरुंगाच्या पुढचं कधी सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच तर ‘पुढं स्वातंत्र्य आलं’ म्हणून चष्मा पुसायला घ्यायचे. स्वतःची बढाई नको वाटत असेल, असं मला वाटायचं. मी पण भोळी.

गेल्या साली दहावीची परीक्षा आठवड्यावर आली होती. कांताबाई नावाची ऊसतोड करणारी बाई लंगडत माझ्या पायरीशी आली. पायाला भलंमोठं बँडेज. कारखान्याच्या फडात कोयता पायावर बसला होता. तिची पोरगी एका शाळेच्या वसतिगृहात राहून दहावीला होती. आईचा पाय तुटला, अशी काहीतरी उडती खबर तिच्या कानावर गेली आणि पोरगी कुणाला न विचारता फडावर पळाली. आठ दिवस आईजवळ राहिली. परत आली तर मोठ्या बाईंनी हॉलतिकीट अडवून ठेवलं. आईनं आजच्या आज माफीनामा लिहून द्यावा, तरच हॉलतिकीट मिळेल.

मी कागद मशीनला लावला. तेवढ्यात चाचांनी ऐकलं आणि टेबलावरून गरजले, ‘‘लेकरू आईकडं गेलं याची माफी? पन्नास वर्षं झाली, ह्या टेबलावर माफीनामा लिहिला न्हाई. लिहिणार बी न्हाई. आपण मोठ्या बाईला जाब विचारू.’’

कडुलिंबाखाली चार माणसं जमली. एकजण म्हणाला, चाचाचं बरोबर हाय. बरोबर तर होतंच. पण जाब विचारायला महिना गेला असता आणि परीक्षा आठवड्यावर. मला चाचांचा असा राग आला की दोन शब्द सुनावणारच होते.

कांताबाई भांडली नाही. टेबलाचा आधार घेऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘चाचा, मान माझी हाय. वाकली तर वाकू द्या. माझी पोरगी परीक्षेला बसू द्या.’’

चाचांनी माझ्याकडं कोरा कागद मागितला. निळं पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं लिहायला लागले. मेहेरबान मुख्याध्यापिका साहेब यांचे सेवेशी. नम्र विनंती. झाली चूक पदरात घ्यावी. एकही शब्द सोडला नाही. खाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहिलं, कांताबाईचा अंगठा घेतला, आणि तिला रिक्षात बसवून द्यायला स्वतः उठले.

तासाभरानं कांताबाईचा फोन आला, हॉलतिकीट मिळालं. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, चाचा, आज लाल पेन घरी राहिलं का? माझी चेष्टा तोंडातच राहिली, कारण त्यांचे डोळे भरले होते.

त्या दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं. अब्बांनी तुरुंगात माफीनामा लिहून दिला होता. सुटून घरी आले, पुन्हा झेंड्याला हात लावला नाही. चाचांना हे विसाव्या वर्षी कुणा जुन्या माणसाकडनं कळलं. तरणं रक्त. भर चौकात बापाला डरपोक म्हणाले आणि बोलणं टाकलं. अब्बा एका अक्षरानं बोलले नाहीत. सहा वर्षांनी गेले. मातीवरून परत आल्यावर अम्मीनं सांगितलं, की तू तीन महिन्यांचा होतास, तापानं फणफणला होतास, वाचणार नाहीस म्हणून मी नगरला निरोप धाडला होता.

‘‘माझ्यासाठी वाकला गं त्यो,’’ चाचा म्हणाले. ‘‘आन् मीच त्याला... पुन्यांदा कुणाच्या बापाला त्यो शब्द लिहावा लागू नये, म्हणून काट मारत बसलो.’’

पाठीवर हात ठेवावा तर वयानं बापाच्या जागी. मी नुसतीच शेजारी बसले.

चहा गार झाला. चाचांनी माझ्या मशीनकडं बोट केलं. म्हणाले, माझा हात आज चालत न्हाई, एक कागद टाईप कर. मी बसले. विचारलं, कुणाच्या नावानं?

‘‘मेहेरबान अब्बासाहेब यांचे सेवेशी,’’ चाचा म्हणाले.

मी टाईप केलं. दोनच ओळींचा मजकूर होता, तो त्यांचा त्यांच्यापाशी राहू दे. शेवटी मी विचारलं, खाली काय लिहू चाचा?

‘‘आपला आज्ञाधारक,’’ ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.