दूर्वेच्या टोकाचं तूप

डॉक्टर म्हणाले, "माधवरावांच्या छातीत आलेली कळ हा इशारा समजा. तूप अगदी नावाला, तंबाखू बंद, चढ नको. सपाटीवर सावकाश फिरणं आणि दुपारी शांत झोप. मुख्य म्हणजे त्यांना दचकवू नका."

त्याच क्षणी मी ठरवलं, मामंजींचं हृदय आता माझ्या ताब्यात! (घाटात इंजिनानं शिटी दिली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं, पण घरात बी.ए. झालेली मी एकटीच.)

तंबाखू मी चुलीत घातली. (तासभर सगळं घर खोकत होतं.) तुपाचं मात्र अडलं. भातावर तूप पडून अन्नशुद्धी झाल्याशिवाय मामंजी घास उचलत नाहीत. मग मी दूर्वेच्या टोकानं एक थेंब सोडू लागले.

"अगं, तूप वाढतेस की तीर्थ शिंपडतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"असू दे," मामंजी म्हणाले, "थेंब शोधण्यात माझा व्यायाम होतो."

राहिली झोप. ते निजले की मी नाकापुढे कापूस धरून श्वास बघे. कापूस हलला नाही, की हाक मारी, "मामंजी, झोप लागली ना?"

एके दुपारी पाहते, तर बिछाना रिकामा! दारात कस्तुराबाई दूध घेऊन आलेली.

"आबा व्हय? मगाशी आमच्या गोठ्याकडं गेल्यात की."

मी अनवाणी धावले. गोठ्यात कडब्यावर मामंजी उताणे, तोंड उघडं, हालचाल नाही. आणि कापूस घरी! मी अशी किंकाळी फोडली की म्हैस दावं तोडून उधळली आणि मी शेणात कोसळले.

डोळे उघडले तेव्हा मामंजी उपरण्यानं मला वारा घालत होते.

"तुम्ही... इथे?"

"रोज येतो. घरी तुझा कापूस नाकात जातो गं, शिंका येतात."

"हितं निवांत घोरत्यात," मागोमाग आलेली कस्तुराबाई म्हणाली. "म्हशीबी उठवत न्हाईत त्यास्नी."

तिच्या नवऱ्यानं, बजरंगनं, मला बैलगाडीत घालून घरी आणलं. पेशंट शेजारून सावकाश चालत आले. डॉक्टरांनी दोघांची नाडी पाहिली.

"माधवराव, झकास! गोठ्यातली झोप चालू ठेवा. सूनबाईंना मात्र आठवडाभर अंथरूण, चहा बंद, जेवण हलकं. यांच्यावर लक्ष कोण ठेवील?"

मामंजींनी ताबडतोब बाह्या सावरल्या.

आज माझं ताट त्यांनीच आणलं. वरण आहे, भात आहे. पण भात गार होत चाललाय, कारण "थांब, सुरुवात करू नकोस," असं बजावून मामंजी अंगणात दूर्वा खुडायला गेलेत.